लिंबदऱ्याचा डबा

“भाकर तशीच कावून ठिवली?”

सरस्वतीबाईंनी डब्याचा खालचा कप्पा उचलून ओसरीवरच्या बल्बखाली धरला. दोन भाकरी दुमडून ठेवलेल्या, जशा पाठवल्या होत्या तशाच. वरच्या कप्प्यातली वांग्याची भाजी मात्र चाटूनपुसून संपली होती.

गहिनीनाथ ड्रायव्हर ओसरीच्या कडेला बसून पोटऱ्या चोळत होता. समोर पाराजवळ त्याची लाल गाडी उभी होती आणि कंडक्टर बंकट टपावर चढून अंथरूण टाकत होता. दिवसभराचा घाट पायात उतरला की गहिनीनाथला बोलायचाही कंटाळा यायचा. पण म्हातारी उत्तर घेतल्याशिवाय हलणारी नव्हती.

“डाक्टरनं बंद केलीय, मावशी.”

“भाकर?”

“भाकर, चपाती, भात. धान्यच बंद. साखर लई वाढलीय रक्तात.”

“आगं माय! मंग माणसानं खावं काय?”

गहिनीनाथला हाच प्रश्न दोन दिवसांपासून पडला होता. त्याने नुसते हात हवेत फिरवले.

लिंबदरा हे डोंगराच्या पार टोकाचं गाव. संध्याकाळी साडेपाचला तालुक्याहून सुटलेली गाडी सातच्या पुढे तिथं पोचते, मुक्काम करते आणि पहाटे सहाला परत निघते. गाडी सुरू झाली त्या वर्षी गावाने ठरवलं, की आपल्यासाठी मुक्कामाला येणारी माणसं उपाशी झोपता कामा नयेत. घरटी एकेक दिवस पाळी लावली. ड्रायव्हर बदलले, कंडक्टर बदलले, गाड्या मोडीत गेल्या, पाळी मोडली नाही. फक्त दिवाळी झाली की गाव ऊसतोडीला जातं, ट्रकच्या ट्रक भरून जातात, घरांना कुलपं लागतात आणि पाळी उरलेल्या सात-आठ घरांवर येते. त्यातलीही निम्मी सरस्वतीबाई आपल्याकडे ओढून घ्यायच्या. त्यांचा मुलगा परमेश्वर सून-नातवंडांसह कारखान्यावर गेलेला. घरात त्या आणि एक शेळी. “मला एकटीला चूल पेटवायचा कट्टाळा येतो, तुमच्या निमित्तानं पेटती,” असं त्या म्हणायच्या. अकरा वर्षं गहिनीनाथ हे ऐकत होता आणि अकरा वर्षं त्यांच्या हातची भाकरी खात होता.

डेपोत चालकांची वार्षिक तपासणी झाली तेव्हा साखर निघाली. नुसती निघाली नाही, नाचत निघाली. डेपोच्या डॉक्टरांनी सांगितलं, तीन महिन्यांनी परत रक्त घेऊ, तेव्हा सरासरी आठच्या आत दिसली पाहिजे, नाहीतर स्टेअरिंग सोडा. चोपन्न वर्षांच्या माणसाला स्टेअरिंग सोडा म्हणणं सोपं असतं. सव्वीस वर्षांत गहिनीनाथने एकदाही गाडी ठोकली नव्हती. घाटात ब्रेक गेला तेव्हा दरडीला घासून चाळीस माणसं सुखरूप थांबवली होती आणि वर पुन्हा पत्रा घासल्याबद्दल साहेबाची बोलणी खाल्ली होती. गाडी चालवण्यापलीकडे आपल्याला काही येत नाही, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. घरात खिळा ठोकायचा तरी बायको, मंगल, त्याच्या हातातून हातोडा काढून घ्यायची.

बंकटने त्याला तालुक्याला, पाटोद्याच्या बाजारपेठेतल्या डॉक्टर प्रियदर्शनींकडे नेलं. पोरगी वयाने लहान, पण चांगली पंधरा मिनिटं बोलली. काय खायचं, काय नाही, सगळं कागदावर लिहून दिलं. तो कागद गहिनीनाथने शर्टाच्या खिशात ठेवला आणि शर्ट धुवायला टाकला. पंधरा मिनिटांतले दोनच शब्द त्याच्या डोक्यात उरले होते: धान्य बंद.

आणि सरस्वतीबाईंनीही तेवढंच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी गाडी उभी राहायच्या आत त्या पाराजवळ आल्या होत्या. चेहऱ्यावर असा आनंद, की परमेश्वरची टोळी परत आली की काय असं वाटावं.

“सापडलं बाबा! रातभर इचार केला. धान्य बंद म्हंजी उपासच न्हवं का? आन् उपासाचं मला शिकवायचं हाय व्हय कुनी? सोमवार, एकादशी, चतुर्थी धरून हाडं झिजली माजी.”

डब्यात साबुदाण्याची खिचडी होती. दाण्याचं कूट घातलेली, मोकळी, लिंबू पिळलेली. खालच्या कप्प्यात उकडलेलं रताळं.

गहिनीनाथने पहिला घास घेतला आणि दोन दिवसांत पहिल्यांदा त्याला बरं वाटलं. बंकटने बोटाने डब्याची कड पुसून चाटली आणि म्हणाला, “नाना, ह्याला पथ्य म्हनत्यात व्हय? मला बी साखर होऊ द्या की.”

“गप बे,” गहिनीनाथ म्हणाला. पण तोही हसत होता.

उपासाचं म्हणजे अन्न नव्हे, ही गोष्ट गहिनीनाथने लहानपणापासून मान्य केलेली होती. तिच्यात शंका घ्यायचं कारण नव्हतं. घरी मंगलनेही तेच धरलं. सकाळी भगर, दुपारी राजगिऱ्याचे लाडू. स्वतःची भाकरी ती स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून खायची, नवऱ्याच्या जिभेला चाळवायला नको म्हणून. लिंबदऱ्याच्या बाकीच्या घरांनीही सरस्वतीबाईंचा सल्ला घेतला. शेजारच्या वनमालाने शिंगाड्याच्या पुऱ्या पाठवल्या. म्हाताऱ्या माणसांचं ते गाव, हिवाळ्यात त्यांना दुसरा उद्योग नव्हता. गाडीतून उतरणारा प्रत्येक जण खिडकीशी थांबून विचारायचा, “डायवर, साखर कुठवर आली?” विहिरीचं पाणी कुठवर आलं असं विचारावं, त्या काळजीने.

गहिनीनाथ म्हणायचा, “उतरायलीय, उतरायलीय.”

पाचव्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. कागद पाहिला, परत पाहिला.

“काका, ही तर वाढलीय. खाताय काय तुम्ही?”

“धान्याचा कण न्हाई मॅडम. पाच आठवडे. शप्पत घ्या पाहिजे तर.”

“मग खाताय काय?”

गहिनीनाथने अभिमानाने सांगितलं. साबुदाणा, भगर, रताळं, राजगिरा, शिंगाडा. सांगता सांगता समोरचा चेहरा बदलत गेला तसा त्याचा आवाज खाली आला.

“मी लिहून दिलेला कागद?”

“शर्टासंगं धुतला.”

प्रियदर्शनी डॉक्टरांनी डोक्याला हात लावला. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. “अहो काका, साबुदाण्यापेक्षा भाकरी परवडली असती तुम्हाला. हे सगळं साखरेचंच पोतं आहे. पालेभाज्या, अंडी, शेंगदाणे, ताक, पनीर, हे सांगितलं होतं मी. पाच आठवडे गेले की हो.”

त्यांनी नवा कागद दिला. बंकटने तो आपल्या खिशात घातला.

त्या संध्याकाळी घाट चढताना गहिनीनाथच्या डोक्यात एकच गोष्ट होती. म्हातारीला सांगायचं होतं. साधी गोष्ट होती, मावशी, साबुदाणा चालत नाही. दोन वळणांत त्याने वाक्य ठरवलं, चार वळणांत बदललं आणि गाव आलं तेव्हा ते तोंडपाठ झालं होतं.

सरस्वतीबाईंनी डबा ठेवला आणि ओसरीच्या पायरीवर टेकल्या. टेकताना त्यांचा हात खांब शोधत होता. गहिनीनाथचं लक्ष गेलं. पाच आठवड्यांत बाईंच्या गालांची हाडं वर आली होती.

“मावशी, बरं न्हाई का?”

“बरंच हाय की.”

“मग इतक्या कावून वाळल्या?”

तेवढ्यात वनमाला पाण्याची घागर घेऊन चालली होती. तिने परस्पर सांगून टाकलं. “सांगत न्हाई त्या. तुमी भाकर सोडली त्या दिशीपासनं त्यांनी बी सोडलीय. दिवसाकाठी वाटीभर भगर खात्यात, न्हाईतर नुसतं दूध.”

“जा गं, तुजी घागर सांड,” सरस्वतीबाई तिच्यावर ओरडल्या. मग गहिनीनाथकडे न बघता म्हणाल्या, “एकट्याचा उपास जड जातो बाबा. जोडीला कुनी असलं की दिस निगून जात्यात. तुजी तपासणी पास झाली की दोगं मिळून सोडू.”

गहिनीनाथचं तोंडपाठ वाक्य कुठल्या कुठे गेलं. त्याला आई आठवली नाही की देव आठवला नाही. त्याला फक्त लाज वाटली. सत्तरी गाठलेली बाई आपल्यासाठी अर्धपोटी राहते आणि आपण तिला सांगायचं, की तुझ्या हातच्या अन्नानेच माझं वाटोळं झालं? त्याने डबा उघडला. साबुदाण्याची खिचडी होती. ती त्याने खाल्ली, सगळी खाल्ली. एकेक घास विष खाल्ल्यासारखा उतरत होता आणि वर तो म्हणाला, “झकास झालीय.”

असे आणखी दहा दिवस गेले. शेवटी बंकटचाच संयम सुटला. माणूस टवाळ, पण मनाने खोटा नव्हता.

“नाना, तुमी भले मराल, पन म्हातारीला दुखवायचे न्हाईत. थांबा, मी बगतो.”

त्याने लिंबदऱ्यात उतरल्या उतरल्या खिशातून गोळ्यांचं पाकीट काढून नाचवलं. “आजी, नव्या गोळ्या दिल्यात डाक्टरनं. पॉवरफुल. पन ह्या गोळीचं आन् साबुदान्याचं, भगरीचं वाकडं हाय. दोनी पोटात गेली की मानूस आडवा. निसती भाजी, ताक, शेंगदाने द्यायचे.”

“मंग आदीच सांगायचं की,” सरस्वतीबाई म्हणाल्या. त्यांना काही वाईट वाटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मेथी आली, शेपू आला, चुलीत भाजलेल्या वांग्याचं भरीत आलं, त्यावर दाण्याची चटणी आणि तांब्याभर ताक. पण भाकरीविना डबा भरताना त्यांचा हात दर वेळी खालच्या कप्प्याशी अडखळायचा. “हे असं उघडं ताट कुनाला वाढलं नव्हतं जन्मात,” असं म्हणून त्या खालच्या कप्प्यातही भाजीच भरायच्या.

अंड्यांचा प्रश्न निराळा होता. सरस्वतीबाई माळकरी. बंकटने एकदा त्यांच्या अंगणात उकडलेलं अंडं सोललं होतं, तर बाईंनी त्याला हाकलून सगळं अंगण शेणाने सारवून काढलं होतं. त्यामुळे वनमाला आपल्या कोंबड्यांची अंडी गाडीतच आणून द्यायची आणि टरफलं कागदात गुंडाळून परत न्यायची. गहिनीनाथला हे सगळं खाऊन भूक लागायचीच. संध्याकाळी हात जड व्हायचे, गियर टाकताना भाकरीचा वास नाकात यायचा. घरोघर चुली पेटलेल्या असायच्या आणि गाडी त्यातून जायची. तो खिडकीची काच लावून घ्यायचा.

“मावशी, तुमी तरी खा. माझं पथ्य हाय, तुमचं काय?”

“जोडीचा उपास आर्ध्यात मोडत न्हाईत.”

त्यावर बोलणं संपायचं. त्या आता गाडीपर्यंत येत नव्हत्या. ओसरीवरूनच हाक मारायच्या आणि बंकट डबा आणायला जायचा.

फेब्रुवारीच्या मध्याला डेपोत रक्त घेतलं. त्या दिवसाची उपाशीपोटीची साखर इतकी चांगली आली, की गहिनीनाथने बंकटला चहा पाजला आणि स्वतः बिनसाखरेचा प्याला. पण डेपोच्या डॉक्टरांना त्या दिवसाची नको होती. त्यांना तीन महिन्यांची सरासरी हवी होती, आणि त्या सरासरीत खिचडीचे सगळे दिवस बसलेले होते.

आठ पूर्णांक सात.

डेपोचे मॅनेजर विठ्ठलराव कडक माणूस होते, वाईट नव्हते. त्यांनी गहिनीनाथला खुर्ची दिली. ड्रायव्हरला खुर्ची मिळाली, की काय ऐकायचंय हे त्याला कळतं.

“सात दशांशनं राहिलं, गहिनीनाथ.”

“साहेब, आजची तर नॉर्मल हाय.”

“दिसतंय मला. पण चाळीस माणसं असतात गाडीत. उद्यापासून डेपोच्या फाटकावर या. सहा महिन्यांनी परत तपासू.”

गहिनीनाथ केबिनबाहेर आला, नळावर तोंड धुतलं आणि बराच वेळ नळ तसाच वाहू दिला. खूप दमल्यासारखं वाटत होतं, तीन महिन्यांचं नव्हे, सव्वीस वर्षांचं. फाटक उघडायचं, लावायचं, गाडी मागे घेताना शिट्टी मारायची. पगार चालू राहणार होता, पोटाची भीती नव्हती. पण काल वळणावर हॉर्न वाजवला तो आपला शेवटचा हॉर्न होता आणि वाजवताना आपल्याला ते माहीत नव्हतं, ही गोष्ट त्याच्या जिवाला लागली.

आणि मग त्याच्या लक्षात आलं. सहा महिने. म्हातारी सहा महिने भाकरी खाणार नाही.

घरी गेल्यावर त्याने मंगलला सगळं सांगितलं आणि खाकी काढून पांढरा सदरा घातला.

“आता कुटं निगालात?”

“लिंबदऱ्याला. खोटं बोलायला.”

मंगलने रुमाल त्याच्या हातात दिला.

गाडीवर सुग्रीव नावाचा नवा पोरगा होता. गहिनीनाथ बंकटच्या शेजारी, पुढच्या सीटवर बसला. घाट लागला. प्रत्येक वळणावर त्याचा उजवा पाय पत्र्यावर दाबला जायचा. बंकटने पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं आणि तिकिटं नसतानाही मागे तिकिटं फाडायला गेला.

लिंबदरा आलं. गहिनीनाथ प्रवाशांच्या दारातून उतरला. सरस्वतीबाई खांबाला धरून ओसरीवर उभ्या होत्या.

“पास झालो, मावशी!” तो लांबूनच ओरडला. इतक्या मोठ्याने तो कधी बोलत नसे.

“खरं सांगायलास?”

“मग! साहेब इतके खूश झाले, म्हनले तुमच्यासारखा ड्रायव्हर डोंगरात कावून सडवायचा. पुण्याच्या गाडीवर टाकलं मला. उद्याच जायचंय. ह्या पोराला रस्ता दाखवायला आलतो.”

सरस्वतीबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग गाडीकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. डोळे मोतीबिंदूने धुरकटलेले, त्यात काय चाललंय ते समजत नव्हतं.

“पुन्याची गाडी. लई लांब की रं,” त्या म्हणाल्या. “बस. भाकर टाकते.”

त्यांनी चूल पेटवली. तीन महिने पिठाचा डबा उघडला नव्हता, त्यामुळे वनमालाकडून पीठ आणलं. परातीवर भाकरी थापल्याचा आवाज आला तसा गहिनीनाथने डोळे मिटले. भाकरी तव्यावर गेली, पाणी फिरलं, मग निखाऱ्याशी उभी राहिली आणि टम्म फुगली. सरस्वतीबाईंनी ती मोडली आणि अर्धी त्याच्या ताटात टाकली, अर्धी आपल्या. आपली त्यांनी दुधात कुस्करली. दात उरले नव्हते.

“तू आदी.”

“जोडीनं म्हनला होता ना मावशी. जोडीनंच.”

दोघांनी एकदमच घास घेतला. गरम ज्वारीचा तो गोडवा जिभेवर आला आणि गहिनीनाथच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. ठेचा तिखट आहे, असं तो म्हणाला. सरस्वतीबाई हळूहळू जेवत होत्या. एक घास, थांबणं, मग दुसरा घास. त्यांनी सगळी अर्धी भाकरी संपवली आणि वाटी बोटाने पुसली. ते बघून गहिनीनाथला वाटलं, आपण आयुष्यात इतकं चांगलं खोटं कधी बोललो नाही.

त्याने दुसरी भाकरी घेतली नाही. त्यांनीही वाढली नाही. हे त्या वेळी त्याच्या लक्षात आलं नाही.

फाटकावरचे पहिले चार दिवस गेले. सकाळी गाड्या बाहेर काढायच्या, संध्याकाळी आत घ्यायच्या. नवे ड्रायव्हर त्याला हात करायचे, जुने मान खाली घालून जायचे. तो पथ्यही करायचा, सवय झाली म्हणून, कुणासाठी असं नव्हे. पाचव्या दिवशी सकाळी साडेसातला लिंबदऱ्याची गाडी आली. बंकट उतरला आणि त्याने ओळखीचा जर्मनचा डबा गहिनीनाथच्या मांडीवर ठेवला.

“हे काय?”

“आजीनं पाठवलंय. तुमच्यासाटी.”

“पुन्याला गेलो सांगितलं न्हाई का तू?”

“सांगितलं की. रोज सांगायलोय.” बंकट फाटकाच्या खांबाला टेकला. “काल म्हनली, बंकट, मी अडानी हाय, येडी न्हाई. म्हनली, पास झालेला डायवर पाशिंजरच्या दारानं उतरंल व्हय? अकरा वर्सं बगायले मी त्याला, गाडी उभी ऱ्हायली की आपल्या दारानं उडी मारतो. त्या दिशी पायऱ्या मोजीत उतरला.”

गहिनीनाथने बाकावर सरकून डबा नीट मांडीवर घेतला. त्याने डबा उघडला. वरच्या कप्प्यात मेथी होती, दाण्याचं कूट लावलेली. खालच्या कप्प्यात, जिथं अकरा वर्षं भाकरी असायची तिथं, धुतलेल्या फडक्यात गुंडाळलेली दोन अंडी होती. उकडलेली.

“वनमालानं दिली व्हय?”

“कच्ची तिची. उकडली आजीनं.” बंकटने दुसरीकडे पाहिलं. “आंगनात तीन दगडं मांडून. चुलीवर न्हाई घेतली. पन हातानं उकडली. म्हनली, त्याला सांग, पुडची तपासणी कवा हाय ते कळव.”

“आन् ती काय खाती?”

“परत सोडलीय भाकर. त्या दिशीचीच काय ती आर्धी.”

एक गाडी मागे यायला लागली. गहिनीनाथ उठला, शिट्टी मारत तिला फाटकाबाहेर काढलं, परत येऊन बाकावर बसला आणि ती अंडी खाल्ली. माळकरी बाईच्या हातची. टरफलांचा कणही त्याने खाली पडू दिला नाही.

साडेचारला चहाच्या सुट्टीत तो डबा घेऊन घरी गेला. डबा घासून, पालथा घालून सुकवला आणि मंगलसमोर ठेवला.

“दोन भाकरी थाप.”

मंगलचा चेहरा उतरला. “तीन महिने केलं, आता राहवंना का? आवो, सहा महिन्यांनी परत तपासणी हाय...”

“मला न्हाई. डबा रिकामा द्यायचा नसतो.”

मग तिने परात ओढली.

“दात हायत का मावशीला?”

“न्हाईत.”

“मग पातळच करते. तूप लावून. दुदात बुडाली की लोण्यावानी व्हत्यात.”

त्या दिवशी मंगल भिंतीकडे तोंड करून बसली नाही. गहिनीनाथ चुलीच्या समोरच बसून राहिला आणि दोन्ही भाकरी फुगेपर्यंत बघत राहिला. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं, ते त्याने गिळलं.

साडेपाचला लिंबदऱ्याची गाडी फाटकाशी आली. सुग्रीवने हॉर्न दिला, उगाचच, दोनदा. गहिनीनाथने फाटक सताड उघडलं आणि खिडकीतून डबा बंकटच्या हातात दिला.

“तिला सांग, तपासणी आगस्टात हाय. उपास माझा मी धरलाय, पक्का. जोडीला मंगल हाय, डाक्टरीन हाय, तू हायस. तिनं खावं. म्हनावं, गहिनीनाथनं सांगितलंय, पुरती भाकर खा.”

“आन् न्हाई ऐकली तर?”

“तर डबा उगडून समोर धर. पाठवलेली भाकर ती परत पाठवायची न्हाई. तिच्या घरची रीत न्हाई ती.”

बंकटने मान हलवली. गाडी फाटकातून बाहेर पडली, गतिरोधकावर थोडी थांबली, मग डोंगराच्या रस्त्याला लागली. गहिनीनाथने फाटक लावलं आणि हात सदऱ्याला पुसले. तळव्याला अजून डब्याचा शेक होता.